माझी डावी कड

मी बोलतोय, पण कोण म्हणून बोलू, इथेच माझी पंचाईत होते. मी म्हणे युरोपातल्या बरोक काळातलं, म्हणजे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं, निसर्गचित्र. खरं तर मी ओल्या कागदावर उमटलेला एक ठसा. माझ्यासारखे आणखी किती निघाले, त्यांत मी कितवा, कुणी माझ्यापेक्षा चांगला उठला का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा जन्म तांब्याच्या पत्र्यावरून झाला. चित्रकाराने पत्र्याला मेणाचा लेप दिला, सुईने त्यावर रेषा ओढल्या आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवला. जिथे मेण निघालं होतं तिथे ॲसिडने तांबं खाल्लं. त्या खाचांत शाई भरली, मला वर पसरलं आणि छापयंत्राच्या रुळांखालून काढलं. त्या दाबाने पत्र्याची चौकट माझ्या अंगात रुतली. चित्राच्या बाहेर, चारही बाजूंना, बोटाला जाणवेल अशी कड उठली. स्वतःची म्हणावी अशी माझी तेवढीच खूण.

माझ्यात स्वस्थ असं काहीच नाही. झाड वाऱ्याने वाकलेलं, ढग एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, पुलावरच्या माणसाने टोपी घट्ट धरलेली. एका घरात तर मी कित्येक वर्षं खणाच्या तळाला अंथरलेला होतो. माझ्या वादळावर लोकरीचे मोजे!

पुढे एका प्राध्यापकांना मी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडलो. तीस वर्षं ते रोज सकाळी भिंग घेऊन मला बघत आले. या अशा छपाईवर, म्हणजे एचिंगवर, त्यांनी पुष्कळ वाचलं. पण कुणी विचारलं की म्हणायचे, "हा माझा विषय नव्हे हो."

गेल्या महिन्यात ते धाकट्या बहिणीकडे राहायला आले. तिने हौसेने एक तयार फ्रेम आणली आणि आम्ही फ्रेमवाल्याकडे गेलो.

"सर, कागद मोठा आहे. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं उडवावी लागतील."

"म्हणजे, ती कड... तसं बघायला गेलं तर..."

"दादा, तुझा उभा जन्म 'तसं बघायला गेलं तर' यात गेला!" बहीण हसली. "कोरी पट्टी तर आहे. कापा हो तुम्ही."

बोला ना, सर! मी आतल्या आत तडफडत होतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर पातं फूटपट्टीला लागून सरकलं. माझी डावी कड टेबलाखाली पडली.

"थांबा!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तो पत्र्याचा दाब आहे! हे हाताने छापलंय याची खूण आहे ती!"

फ्रेमवाल्याचा चेहरा उतरला. "मग आधी नाही का सांगायचं, सर?"

"चूक माझीच. माहीत होतं. खात्री नव्हती."

सरांनी त्याचं बोट धरून उजव्या कडेवरून फिरवलं. मग भिंग दिलं. तो वाकला तो बराच वेळ वर येईना.

"अहो, नदीत पाणी काढलेलंच नाही! नुसता कोरा कागद चमकतोय!"

"बघू," म्हणत बहिणीने भिंग ओढून घेतलं. बघता बघता तिचं हसू मावळलं. "दादा, तीस वर्षं हे एकटाच बघत होतास?"

ती फ्रेम परत गेली, मोठी आली. आता मी बहिणीच्या बैठकीत आहे, तीन कडांचा. डावीकडे अजून उघडं उघडं वाटतं, सगळा वारा तिकडूनच आत शिरतोय असं. सर मात्र आलेल्या प्रत्येकाला धरून माझ्यासमोर उभं करतात. काल एकाला माझं वय पन्नास वर्षांनी चुकीचं सांगितलं, आणि घाईघाईने जिन्यापर्यंत जाऊन दुरुस्त केलं.

तुमच्यापाशीही असं अर्धवट खात्रीचं काही असेल. पातं टेकायच्या आत बोलून टाका. चुकलात तर जिन्यापर्यंत धावता येतं. माझी पट्टी सरांनी पाकिटात घालून ठेवलीय, पण ती आता कशालाच लागत नाही.