ईशान्य कोपऱ्यातले पितर

बाबांनी दोन टोकदार सळ्या मातीत खुपसल्या आणि भगव्या फडक्यातलं मशीन कर्कश ओरडू लागलं. लाल दिवा! बारवी धरणाजवळची ती अख्खी वाडी हात जोडून उभी राहिली.

"सुना? पितर चिल्ला रहे हैं!" बाबा गरजले. "माते, जमीन शापित आहे. ठेवलीस तर नातवाच्या जिवावर बेतेल. आजच सोडून दे."

सोडायची कुणाला? तर बाबांचाच भाचा जितेश कागद घेऊन बांधावर हजर. पितरांची सोय बघा केवढी!

माते म्हणजे बनूबाई. दर मंगळवारी अंबरनाथ पूर्वेला आमच्या दारी भेंडी आणतात. मला चमत्कार बघायला त्यांनीच बोलावलं होतं. शेताच्या ईशान्य कोपऱ्यातली भेंडी जळाल्यापासून त्या पार धास्तावल्या होत्या. हे शेत गेलं की पोटापाण्याचं दुसरं काही नाही, तरी नातवासाठी त्यांनी अंगठा शाईत बुडवला. मला राहवेना. तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये मी क्षार मोजलेत. भगवं फडकं गुंडाळलं म्हणून मी सेन्सर ओळखणार नाही होय?

"बनूबाई, थांबा! या कोपऱ्यात काय टाकलंत?"

"बाबांनी सांगितलं तेच, भाऊ. तीन अमावास्या नातवावरून पसापसा मीठ ओवाळून हितं टाकलं, वर तांब्याभर पाणी."

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनीच. ज्याच्या त्याच्या शेतात, ईशान्येला."

"आणि बाबा सळ्या खुपसतात तेही ईशान्येलाच!"

"हात मत लगाना! भस्म हो जाओगे!" बाबा किंचाळले.

मी हात लावला. भस्म झालो नाही. मशीन उचललं, दहा पावलांवर पाणी शिंपलेल्या वाफ्यात खुपसलं. हिरवा दिवा, चिडीचूप. वाडीत कुजबुज सुरू झाली.

बनूबाई तडक घरात गेल्या आणि कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. सळ्या त्यांनीच बरणीत घातल्या. मशीनने नुसता आकांत मांडला!

"काय रे बाबा, माजे सासरे लोणच्यात बसलेत व्हय?"

वाडी खो खो हसली. जितेशने कागदांची घडी घातली.

"हे मातीतला ओलावा आणि खारटपणा मोजतं," मी म्हणालो. "ओल्या मातीत मीठ असलं की वीज सहज वाहते, आकडा चढतो, भोंगा वाजतो. भेंडीही मिठानेच जळाली. भरपूर गोडं पाणी सोडा, मीठ धुऊन जाईल."

बनूबाईंचे डोळे भरून आले. "म्हंजे माजी भेंडी मीच मारली?"

"बाबांनी तुमच्या हातून मारवली."

त्यांनी अंगठ्याची शाई मातीत पुसली आणि कुदळ घेऊन पाटाचं पाणी त्या कोपऱ्याकडे वळवलं. बाबा एव्हाना बदलापूरच्या रिक्षात बसले होते.

मशीन बिचारं खरंच बोलत होतं. मीठ आहे, एवढंच सांगत होतं. पितर त्यात बाबांनी घातले. तेव्हा मंडळी, हात जोडण्याआधी मशीन दहा पावलं पलीकडे नेऊन बघा. नेऊ दिलं नाही, तर अंगठा शाईपासून लांब ठेवा.