बॉनेटखालच्या पंख्याची कैफियत

मी बोलतोय, बॉनेटच्या आतून. छताला लटकून आरामात गरगरणारा तो पंखा मी नव्हे. त्याचं काय, बटण दाबलं की फिरायचं आणि खाली झोपलेल्यांचे आशीर्वाद घ्यायचे. माझी जागा गाडीच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्या पाठीशी. इंजिनात फिरून तापलेलं पाणी तिथं येतं आणि त्याला वारा घालून थंड करायचं हा माझा धंदा. गाडी पळत असली की वारा समोरून फुकट मिळतो, तेव्हा मला कुणी विचारत नाही. गाडी गर्दीत अडकली आणि तापमानाचा काटा वर चढू लागला की माझी आठवण येते.

बावीस वर्षं झाली मला. कारखान्यात एका बाईनं मला हातात धरून एकदा गरकन फिरवलं, कान लावून ऐकलं, "छान चाललाय" म्हणाली आणि खोक्यात घातलं. पुढची कितीतरी वर्षं मी त्या दोन शब्दांवर काढली. गाडीचे पहिले मालक विमा एजंट होते. नऊ वर्षांत त्यांनी स्वतः बॉनेट एकदाही उघडलं नाही. मी आहे हे तरी त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

मग गाडी आली रंगारीकाकांकडे. काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आता पाट्या मशीनवर छापून येतात, त्यामुळे काका घरीच असतात. पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. काकांचा एक नियम होता. पाटीवर स्क्रू असेल तर त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवणारा माणूस त्यांच्या लेखी रंगारीच नव्हे. ते म्हणायचे, "स्क्रू काढ, खाली रंग दे, नीट वाळू दे, मग परत लाव. गंज कुठून सुरू होतो? जिथं कुणी बघत नाही तिथून." हे ते मलासुद्धा सांगायचे, बॉनेट उघडून, हातात फडकं घेऊन. माझ्याशी बोलणारा पहिला माणूस तो. मला त्यांचा लळा लागला, यात लपवण्यासारखं काय आहे?

काकूंची मूत्रपिंडं गेली तीन वर्षं काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. काका नेतात. काकू पुढच्या सीटवर बसतात आणि सबंध रस्ता काकांना शिकवतात.

"अहो, डावीकडे घ्या."

"डावीकडे खड्डा आहे."

"खड्डा मागच्या महिन्यातच बुजवला. तुमचं लक्ष कुठं असतं?"

असं तासभर. जाताना काकूंचा आवाज खणखणीत असतो, येताना त्या डोळे मिटून असतात. मला दोन्ही प्रवास पाठ आहेत.

तर झालं काय, दोन महिन्यांपूर्वी काका डबा-ब्रश घेऊन बॉनेटखाली उतरले. इकडेतिकडे गंजाचे ठिपके दिसत होते. ते घासले, रंगवले. दोन दिवस त्यांचा मुक्काम तिथंच. काकूंनी जेवायला तीन-तीन हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी आतली कड न् कड अशी काही चमकली की मलाच बाहेर डोकावून बघावंसं वाटलं.

त्यानंतर हळूहळू माझ्या अंगातली ताकद जायला लागली. आधी नेटानं फिरायचो, तो आता कण्हत फिरू लागलो. मधेच थांबायचो, मधेच चालायचो. हॉर्नचाही आवाज बसला. काका हसून म्हणाले, "माझ्यासारखा त्याचाही घसा गेलाय." आणि एका सोमवारी, भर रहदारीत, मी बंद पडलो तो पडलोच. वीज माझ्या दारापर्यंत येत होती, मला ती कळत होती, पण अंगात खेळत नव्हती. काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या गाडीतल्या एका भल्या माणसानं काकूंना दवाखान्यात पोचवलं. त्यांना मागच्या सीटवर आडवं करून नेलं. तिथं पोचेपर्यंत पाऊण तास उशीर झाला होता.

मेकॅनिक आला. आधी फ्यूज बदलला. मी ढिम्म. मग रिले बदलला, म्हणजे मला वीज सोडणारी ती छोटी डबी. तरी मी ढिम्म. मग त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली, पाती बोटानं ढकलली आणि हात पुसत निकाल देऊन मोकळा झाला. "मोटर गेली, काका. या मॉडेलची आता मिळत पण नाही." मला थेट बॅटरीला जोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. तेवढीही त्याला सवड नव्हती. मी आतल्या आत जळफळलो. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, आणि वकीलही नाही.

संध्याकाळी मुलगा आला. मुलगा वाईट नाही हो, आईच्या काळजीनं तोही अर्धा झालाय. "बाबा, पुरे आता. आईला मी भाड्याच्या गाडीनं पाठवत जाईन. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय," तो म्हणाला.

काका फडक्यानं बॉनेट पुसत राहिले. काकू बोलल्या. "भाड्याच्या गाडीत मला मागे झोपवतात रे. पेशंट म्हणून नेतात. या गाडीत मी पुढे बसते आणि तुझ्या बाबांशी भांडते. तो एक तास तेवढा माझा असतो. दवाखान्यात पोचल्यावर मी डॉक्टरांची, घरी आल्यावर अंथरुणाची. तो तास मला सोडायचा नाहीये."

मुलानं मान खाली घातली, पण भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं नाही. बुधवारी-शुक्रवारी काकू भाड्याच्या गाडीनंच गेल्या.

शनिवारी सकाळी इंजिन गार असताना काकांनी गाडी काढली आणि दोन गल्ल्या ओलांडून बॅटरीताईकडे नेली. ताईचं वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे तिला बॅटरीताई म्हणतात. दारात टेम्पो आडवा लावलेला होता. काकांनी हॉर्न दाबला. तो बिचारा कसाबसा खाकरला.

ताई हातातलं काम टाकून बाहेर आली. "काका, परत दाबा बरं. हा कधीपासून असा बसलाय?"

"असेल दीड-दोन महिने. पण मी पंख्यासाठी आलोय."

"कळलं. आधी हॉर्नचं सांगा. पंखा बिघडला तो त्याच सुमाराला ना?"

काका बोटांवर दिवस मोजू लागले. ताईनं बॉनेट उघडलं, माझा जोड सोडवला आणि दोन वायरी थेट बॅटरीवरून आणून मला टेकवल्या. काय सांगू तुम्हाला! मी असा सुटलो की तिच्या कपाळावरचे केस उडाले.

"मोटर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "वीज येतेय, पण परत जायला वाट नाही. हॉर्न आणि पंखा, दोघांची परतीची वायर या एकाच बोल्टखाली आहे. इथून ती गाडीच्या पत्र्यात जाते. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो."

तिनं तो बोल्ट काढला आणि थबकली. वायरीच्या गोल टोकाखाली पत्रा दिसतच नव्हता. तिथं रंग होता. एकसारखा, गुळगुळीत, कडेला कुठं ओघळ नाही.

"इतका सुंदर रंग कुणी दिलाय?" तिनं मनापासून विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"बोल्ट काढून दिलात?"

"बोल्ट काढल्याशिवाय मी रंग देत नाही."

ताईच्या लक्षात आलं, आपण काय विचारून बसलो ते. ती हळू आवाजात म्हणाली, "कामचुकार माणसानं वरून ब्रश फिरवला असता तर काही झालं नसतं, काका. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडी जात होती, म्हणून इतके दिवस तरी चाललं. तेही गंजले."

काका बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. "तिला तिथं भर रस्त्यात मी अडकवलं. माझ्या या हातांनी," एवढंच म्हणाले. ताईनं समजुतीचे चार शब्द वाया घालवले नाहीत. तिनं त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. "घासा. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत." आणि आपल्याच हातानं लावलेला तो रंग काकांनी स्वतः खरवडून काढला. ताईनं नवा बोल्ट आवळला, गाडी चालू करून ठेवली. काटा अर्ध्यावर गेला, रिले टिक वाजला आणि मी फिरलो.

वाटलं, आता काका आनंदात घरी जातील. कुठलं काय! घरी पोचल्यावर गाडीपाशीच काकूंच्या हातात किल्ली ठेवली. मुलगाही तिथंच होता. "गाडी दुरुस्त झाली. पण दोष माझा होता. मी आता चालवणार नाही. उद्या भंगारवाल्याला येऊ दे."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलंच तुमचं. त्या दिवशी मी घाबरले होते, ते पण खरं. पण पाटीवर एखादं अक्षर चुकलं तर तुम्ही काय करायचात? दुकान बंद करायचात का?"

"पुसून परत काढायचो."

"मग? सोमवारी साडेसातला निघायचं." किल्ली त्यांनी परत काकांच्या खिशात टाकली.

मुलानं बाबांच्या खिशाकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "मी मागून माझ्या गाडीनं येतो. एकदा बघू." आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवायला फोन घेऊन बाजूला गेला.

सोमवारी नेमकी तीच गर्दी. गाडी मुंगीच्या पावलानं. काका रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. काकू नेहमीसारख्या शिकवत नव्हत्या, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. काटा अर्धा ओलांडून वर सरकला. अन् टिक झालं. बावीस वर्षांत मी इतका जीव लावून कधी फिरलो नव्हतो. काटा थांबला, थोडा खाली आला.

"अहो, आता डावीकडे घ्या," काकू म्हणाल्या. काकांनी मुकाट्यानं डावीकडे घेतली.

दवाखान्याच्या आवारात गाडी लावली, किल्ली काढली. आमच्या जुन्या जातीची एक रीत आहे, इंजिन बंद झालं तरी पाणी थंड होईतो आम्ही फिरत राहतो. काकूंनी दार उघडायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"हा अजून चालूच आहे."

"पाणी थंड झालं की आपोआप बंद होईल."

"मग तो थांबला की जाऊ."

दोघं बसून राहिली. काकूंनी काकांचा हात हातात घेतला. मागे मुलगा आपल्या गाडीत थांबून होता, त्यानंही घाई केली नाही.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हे असंच चालतं. आत गेल्यावर काय असतं ते मला ठाऊक आहे. दंडात दोन मोठ्या सुया, चार तास, आणि बाहेर येणाऱ्या काकूंच्या अंगात त्राण नसतं. म्हणून तुम्हाला एक विनंती. दवाखान्याबाहेर एखाद्या जुन्या गाडीत दोन माणसं उगाच बसलेली दिसली आणि बॉनेटखाली काहीतरी फिरताना ऐकू आलं, तर काच वाजवून "गाडी बाजूला घ्या" म्हणू नका. पाणी थंड झालं की मला थांबावंच लागतं, त्यात माझं काही चालत नाही. मी आपला दर खेपेला रेडिएटरला विनवतो, बाबा रे, आज जरा सावकाश थंड हो.