भेगेचा आळ आणि खुंटीवरचे तीन रंग

खरं सांगून सांगून माझा गळा सुकला, पण कुणी विश्वास ठेवला नाही. खुंटीचं कोण ऐकतंय? मी लातूरच्या एका किरायाच्या खोलीतली लोखंडी खुंटी.

मुरुडच्या लोहारानं मला घडवलं. एका घाईच्या माणसानं मला या भिंतीत असं हाणलं, की तवाच भिंत तडकली. पुट्टी भरून भेग झाकली. रंगारी तीनदा आले. खुंटी काढायचा कंटाळा! भिंतीबरोबर मलाही फासून गेले.

दोन वर्षांमागं मुखेडची पंचफुला आली, पोरगी लुंबिनीच्या शिक्षणासाठी. दहा हजार अनामत भरली. मेसवर पोळ्या लाटून यायची, पिशवी अडकवताना म्हणायची, "धर बाई जरा." मला बाई म्हणणारी तीच एकटी.

लुंबिनीचा नर्सिंगला नंबर लागला. फी अनामतीतूनच भरायची होती. खोली सोडायच्या दिवशी घरमालक आला. पुट्टी गळून भेग उघडी पडली होती.

"खुंटी ठोकून भिंत फोडलीत. चार हजार कापणार."

"आधीचीच हाय ती, मालक!"

"किरायाच्या चिठ्ठीत लिहिलंय का तसं?"

"चिठ्ठी तुम्हीच केलती," लुंबिनी म्हणाली. "लिहायचं तुमचं काम न्हाई का?"

"लई शिकलीस गं!"

पंचफुलानं डोळे पुसले, पिशवी ओढली. पिशवीची कडी माझ्यावर घासली अन् पांढऱ्या रंगाचा पोपडा उडाला. खाली गुलाबी, त्याखाली निळा.

"आई, आपण आलो तवा भिंत पांढरीच होती! मग हिच्यावर हे रंग कुठून आले?"

दारात मालकाची म्हातारी आई कमलम्मा उभी होती.

"निळा तर तुझ्या लेकीच्या, शिवानीच्या बारशाला दिलता. तिची झोळी बांधायला आदल्या दिवशी खुंटी ठोकलीस तू."

"अव्वा, गप की!"

"गप कशाला? तवाच म्हणले, हळू हाण, नंदीबैला! दे तिचे दहा हजार."

त्यानं मोजून दिले. जाताना पंचफुलानं माझ्यावरून हात फिरवला. "येते बाई."

आता खोली रिकामी आहे. माझ्यावर काहीच नाही, तरी जड वाटतं. नव्यानं येणाऱ्या माणसांनो, सामान मांडायच्या आधी चिठ्ठीत लिहून घ्या: खुंटी जुनी, भेग जुनी, पाडणारा घरमालक मल्लिनाथ.