रिकाम्या गाडीचं माप

"तुझे पाटे मऊ पडले! मऊ!" असं ओरडत थोरल्याने धाकट्याला गळपटीला धरून भिंतीवर आदळलं. फळीवरचे नट आवळायचे पाने खळाखळा खाली आले.

दारात ओढून आणलेली गाडी उभी होती. एकेकाळी बड्या लोकांची शान. दोघा भावांचा धंदाच तो: असल्या गाड्यांचा जुना डोलारा उतरवायचा, सांगाड्याला नवे पाटे, म्हणजे स्प्रिंगा घालायच्या आणि वर ठेंगणा, नव्या घाटाचा साज चढवायचा. पाटे धाकट्याचे, पत्रा थोरल्याचा. आज सकाळी मालक कुटुंबासकट पहिल्यांदा बसला, आणि पहिल्याच वळणावर मागचं चाक मडगार्डला घासलं, टायर फाटला, गाडी कुंपणात घुसली. मालकाच्या बायकोचं कपाळ फुटलं. थोरल्याच्या आठ महिन्यांच्या कामाचा चोळामोळा झाला.

"दादा, ऐकून तर घे," धाकटा ओठाचं रक्त पुसत म्हणाला. "मऊच करायचे ठरले होते. तूच म्हणालास, मालकाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये."

"उलट्या बोंबा मारतोस होय रे?" थाडकन मुस्काटात बसली.

मग धाकट्यानेही भीड सोडली. त्याने डोक्याने थोरल्याच्या छातीत धडक दिली. दोघे टेबलावर कोसळले, पत्र्याच्या धारेने थोरल्याचं कोपर फाटलं. वयाची पन्नाशी ओलांडलेली माणसं, पण भांडत होती कुत्र्यांसारखी.

"एकच सांग," धाकटा टेबलावर हात टेकून धापा टाकत म्हणाला. "मापं घेताना वाळूची पोती टाकली होतीस ना?"

थोरला जागच्या जागी थिजला. चार माणसांच्या वजनाची पोती सांगाड्यावर टाकायची, पाटे दबू द्यायचे, मगच मडगार्डचं माप घ्यायचं. ही रीत धाकट्याला त्यानेच कान पिळून शिकवली होती. आणि यावेळी त्यानेच पोती टाकली नव्हती. एवढी वर्षं गेली, आपल्याला कशाला हवीत पोती, डोळ्यांत माप आहे आपल्या! गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

चूक कळल्यावर माणूस वरमतो म्हणतात. हा मेला पेटला. हाताशी आलेला हातोडा त्याने उचलला आणि टेबलावर टेकलेल्या धाकट्याच्या उजव्या हातावर घातला. परत घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा धाकट्याच्या किंकाळीने तो भानावर आला.

"कसं झालं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. तीन बोटांच्या हाडांचा चुरा झाला होता.

"पाटा निसटला," धाकटा म्हणाला.

"खोटं आहे," थोरला म्हणाला. "मी मारलं. चूक माझी होती, आणि मारलं याला."

डॉक्टरांनी पट्टी बांधायला घेतली. मग म्हणाले, "बोटं राहतील. पण पाना धरता येईल असं समजू नका."

हात बांधून झाल्यावर धाकट्याने पाणी मागितलं. थोरल्याने धावत जाऊन पेला भरून आणला आणि त्याच्या तोंडाशी धरला. धाकट्याने ओठ मिटून घेतले. त्याने डाव्या हाताने पेला काढून घेतला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं तो सावकाश प्यायला.