डाव्या पायदानाचा गंज

दामिनीचं काम दातांचं. अमरावतीत राजापेठेजवळच्या एका लॅबमध्ये ती डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून कृत्रिम दात बनवते. पांढराशुभ्र दात कुणीही बनवेल. शेजारच्या, चाळीस वर्षं चहा प्यायलेल्या दातांत मिसळून जाईल असा दात बनवायला नजर लागते, आणि ती दामिनीला आहे.

त्याच नजरेनं ती सुटीच्या दिवशी गाड्या बनवते. तळहाताहून थोड्या मोठ्या आणि सगळ्या टाकून दिलेल्या. काचा फुटलेला टेम्पो, बोनेट उघडं पडलेली अँबेसिडर, टायर सडलेला ट्रॅक्टर. प्लास्टिकच्या पत्र्याची गाडी जोडायची, तिला तपकिरी रंग द्यायचा, पाणी मारून त्यावर मीठ भुरभुरायचं आणि वरून गाडीचा खरा रंग मारायचा. वाळल्यावर ब्रशनं मीठ घासून काढलं की रंगाचे पोपडे निघून खालून गंज आल्यासारखा दिसतो. वर खऱ्या खिळ्यांच्या गंजाची भुकटी, लॅबमधल्या बारीक ब्रशनं. तिचा नवरा प्रीतम कॉलेजात ग्रंथपाल आहे. तो म्हणतो, आमच्या घरात नवी वस्तू आली की मला भीती वाटते, ही तिला गंज लावेल.

सासरे डोमाजी अकोल्याला खडकीत राहतात. त्यांनी आरोग्य खात्याची पांढरी जीप चोवीस वर्षं चालवली. लस घेऊन, नर्सबाईंना घेऊन, कधी अडलेल्या बाईला घेऊन ते बाळापूरकडची सगळी गावं फिरले. लग्न होऊन दामिनी घरात आली तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण त्या जीपच्या गोष्टी तिनं इतक्या ऐकल्या होत्या की ती आपल्यालाही चालवता येईल असं तिला वाटायचं. घरातल्या कुणापेक्षाही तिचं आणि सासऱ्यांचं जास्त जमायचं. फोन आला की डोमाजी मुलाशी दोन वाक्यं बोलत आणि मग म्हणत, "तिले दे."

गेल्या दिवाळीत अकोल्याच्या एका सरकारी गोदामामागं ती जीप दामिनीला दिसली. कुंपणाला लागून, बाभळीच्या झुडपात बारा वर्षं उभी. नंबर तिला पाठ होता. तिनं जाळीतून चाळीसेक फोटो काढले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. सासऱ्यांना सत्तर वर्षं पुरी होणार होती. चार महिने ती त्या जीपची छोटी प्रतिकृती करत बसली. चाकं तिनं दातांची मापं घ्यायच्या रबराच्या साच्यात ओतून बनवली, सीटचा फाटलेला रेक्झिन फुग्याच्या रबराचा.

वाढदिवसाला सगळे जमले होते. डोमाजींनी चष्मा लावला, डब्याचं झाकण काढलं आणि बराच वेळ पाहिलं. प्रीतम मोबाइलवर त्यांचा चेहरा टिपत होता. थोड्या वेळानं त्यानं मोबाइल खाली घेतला.

"माही गाडी अशी नोती," डोमाजी म्हणाले.

झाकण लावून ते घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. जेवायला आले, पण दामिनीकडं त्यांनी पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात पंचफुलाबाईंनी सुनेला जवळ घेतलं. त्यांनी सांगितलं ते दामिनीला कुणीच सांगितलं नव्हतं. जीप त्या गोदामामागं नेऊन लावल्यापासून डोमाजी त्या रस्त्यानं गेलेच नव्हते. बाजाराला जाताना अर्ध्या मैलाचा फेरा पडला तरी ते दुसऱ्या गल्लीनं जात. चोवीस वर्षं गाडी घरच्या म्हशीसारखी धुतली, आता तिला तसं पाहवत नाही, एवढंच ते एकदा बोलले होते. तुझी काही चूक नाही, असं पंचफुलाबाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. दामिनीला मात्र आपण एखाद्या आजारी माणसाचा फोटो काढून त्याच्याच घरात भिंतीवर लावला, असं वाटत राहिलं.

अमरावतीला परतताना तिनं ती जीप सोबत आणली, कपाटात ठेवली आणि दुसरी करायला घेतली. कोरी, पांढरी, चकचकीत. तीन आठवड्यांत ती झालीही. पण टेबलावर ठेवली की ती जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसायची. प्रीतमला ती छान वाटली. दामिनीला नाही.

एका रविवारी अकराच्या सुमाराला डोमाजी दारात उभे. एकटे, हातात कापडी पिशवी. पंचफुलाबाईंशिवाय ते अमरावतीला कधीच आले नव्हते. दामिनीनं घाबरून विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? ते म्हणाले, बरं आहे, चहा ठेव.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ते गाडी आण."

तिनं नवी आणली. त्यांनी ती उचलून सगळीकडून पाहिली, चांगली झाली म्हणाले आणि बाजूला ठेवली. "हे नाई. ते."

मग तिनं कपाटातून जुनी काढली. डोमाजींनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर जीप ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.

"गेलतो मी," ते म्हणाले. "तिले पाह्याले."

गेल्या बुधवारी ते गोदामावर गेले होते. फाटकावरच्या चौकीदाराला त्यांनी सांगितलं, ही माझी गाडी होती. त्यानं आत सोडलं. ड्रायव्हरच्या सीटखाली कुत्रीनं चार पिल्लं घातली होती, त्यामुळं त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही. ते तासभर तिथं होते.

"मले इतके वर्षं वाटे का तिले पाह्यलं तं सहन होणार नाई," ते म्हणाले. "झालं सहन." मग म्हणाले, "तुह्यावर रागावलो नोतो मी. मले वाटलं, मीच सोडून आलो तिले, आन् तू ते दाखोलं."

दामिनीनं त्यांच्या पिशवीतून डोकावणारी पंचफुलाबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी काढून स्वयंपाकघरात ठेवली आणि डोळे पुसून परत आली.

डोमाजींनी तोवर जीप आडवी करून चष्मा कपाळावर चढवला होता. त्यांनी बोटानं डावी बाजू दाखवली. "हे चुकलं."

खऱ्या जीपची डावी बाजू झुडपात होती, फोटोत आलीच नव्हती. दामिनीनं अंदाजानं तिथलं पायदान पार सडलेलं, तुटून लोंबतं केलं होतं. डोमाजींनी मान हलवली. ते पायदान सडणं शक्यच नव्हतं. एका पावसाळ्यात भागीरथा सिस्टरच्या पायाखाली ते मोडलं, तेव्हा त्यांनी बाळापूरच्या पुंजाराम वेल्डरकडून दुप्पट जाड पत्रा लावून घेतला होता. बाकी सगळी गाडी गंजली तरी तो पत्रा वरवरच गंजलेला आहे, हे त्यांनी बुधवारी हात लावून पाहिलं होतं.

"आन् हे बरोबर हाय," मागच्या फरशीच्या कोपऱ्यातल्या भोकावर बोट ठेवून ते म्हणाले. "तुले कसं समजलं?"

फोटोत दिसलं, ती म्हणाली. डोमाजी हसले. तिथं लसीची बर्फाची पेटी असायची. चोवीस वर्षं तिचं पाणी त्याच कोपऱ्यात गळत राहिलं. उजव्या दाराचा पोचा पातूरच्या घाटात दगड आला तेव्हाचा. मागच्या बाकावर तीन पोरं जन्मली, त्यातली एक मुलगी आता अकोल्यात वकील आहे. दामिनीनं वही आणली. तिनं चार महिने जे डाग नुसते रंगवले होते, त्यातल्या एकेकाचं कारण ती लिहून घेत होती.

डोमाजी संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. ते पाच दिवस राहिले. दामिनी लॅबमधून येईपर्यंत ते टेबलाशी तिची वाट पाहत बसलेले असायचे. ब्रश धरायला हात थरथरायचा, म्हणून ते नुसतं सांगायचे. पायदानाच्या वेल्डिंगची रेघ त्यांनी तिला तीनदा काढायला लावली. पहिली फार सरळ आली, दुसरीही. पुंजारामला सरळ वेल्डिंग जन्मात जमलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या वेळी तिनं मुद्दाम डोळे मिटून काढली. ते म्हणाले, आता झाली.

शुक्रवारी ते डबा मांडीवर घेऊन बसनं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरहून त्यांचा फोन आला, धक्के लागून राहिले पण गाडी बरी आहे. आता ती टीव्हीशेजारी असते. पंचफुलाबाई तिच्यावरची धूळ झटकत नाहीत. ती धूळ आहे का दामिनीनं लावलेली, हे त्यांना कळत नाही.

मग वेगळंच सुरू झालं. डोमाजी फोन करायचे ते अशा टाकून दिलेल्या गाड्या सापडल्या म्हणून. मलकापूरकडं एक मेटॅडोर पडली आहे, बोनेटचा गंज फार चांगला आहे. एका शेताच्या धुऱ्यावर, बांधालाच, रोड रोलर आहे, आत वेल गेला आहे. परवाच्या रविवारी दामिनी अकोल्याला गेली आणि दोघं स्कूटीवर मेटॅडोर पाहायला गेली. ती फोटो काढत होती, डोमाजी चाकापाशी उकिडवे बसून खालचा पत्रा बोटानं चाचपत होते. तेवढ्यात घरातून मालक आला. त्याला हे भंगारवाले वाटले. गाडी विकायची नाही, तो लांबूनच म्हणाला.

"आमाले घ्याची नाई," डोमाजी गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "माही सून गाड्या बनोते. पाह्यतो फक्त."

मालकाला नीट समजलं नाही, पण त्यानं दोन खुर्च्या बाहेर आणल्या. डोमाजींनी त्याला विचारलं, गाडीची मागची उजवी बाजू कधी पाण्यात होती का? मालक थक्क झाला. मग तो एका पुराची गोष्ट सांगायला बसला आणि दामिनीनं पर्समधून वही काढली.