शटरवरची गादी

माझं शिलाईचं दुकान खाली, आम्ही दोघं वर. संध्याकाळी मी शटर खाली ओढलं की गल्लीतली पोरं फुटबॉल घेऊन टपलेलीच. ते शटर म्हणजे त्यांचा गोल. धडाम! वर भांडी हलायची. मी खिडकीतून ओरडायचो, "अरे, शटर काय तुमच्या बापाचं आहे?" तेवढ्यापुरतं "सॉरी काका," आणि पुन्हा धडाम.

आमच्या हिला मात्र भारी कौतुक. अंथरुणाला खिळल्यापासून तिला तोच एक विरंगुळा. उशाशी दोन वाट्या. एकीत दुकानातली उरलीसुरली बटणं, दुसरी रोज संध्याकाळी रिकामी केलेली. शटर वाजलं की एक बटण इकडून तिकडे. "हा लंबूचा होता," म्हणायची. "त्याचा दणकाच वेगळा." मी म्हणायचो, "तुला काय दिसतंय इथून, कप्पाळ?" तर म्हणे, "तुम्हाला डोळे असून उपयोग काय?"

मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या, मागतील ते द्या. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच. त्या संध्याकाळी शटर वाजलंच नाही.

"अहो, पोरं रुसली का?"

"परीक्षा असेल."

दुसऱ्या दिवशीही तेच. बराच वेळ कान देऊन पडली होती. मग हळूच म्हणाली, "की मलाच ऐकू येईनासं झालं?" मी तसाच जिना उतरलो.

पोरं खेळत होती! अनवाणी, तोंडातून चकार शब्द न काढता. शटरवर भली मोठी जुनी गादी बांधलेली. बॉल तिच्यावर आपटून मुकाट खाली पडत होता. लंबू जवळ येऊन कुजबुजला, "काकूंना त्रास नको म्हणून, काका."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी भडकलो. "इतकी वर्षं घसा फोडला तेव्हा ऐकलं नाही, आणि आता शहाणे झालात होय रे, गाढवांनो? काढा ती गादी! तिला ऐकायचंय!"

गादी सोडली, पण कुणाचा पाय उठेना. शेवटी मीच मारला. चप्पल एकीकडे, मी दुसरीकडे, बॉल मात्र बरोब्बर मधोमध. धडाम! पोरं खदखदून हसली आणि मग जी सुटली म्हणता! मी खुळ्यासारखा टाळ्या पिटत तिथेच उभा राहिलो. वर ती बटणं टाकत असेल, या आनंदात.

वर गेलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. "काय गं, पहिला कुणाचा होता, ओळखलंस?" मी तिचा हात धरला. मग नाकाशी बोट नेलं. श्वास नव्हता.

दुसऱ्या वाटीत एकच बटण होतं.

खाली गोलावर गोल होत होते. पोरांना हाक मारून थांबवायला हवं होतं, पण माझ्याच्यानं होईना. मी उशाशी बसलो, आणि शटर वाजलं की एक बटण तिच्या वाटीत टाकत राहिलो, अंधार पडून पोरं घरी जाईपर्यंत.