लिफ्टची देखभाल

मदतनीस मावशी शाळेत यायच्या आधी माझी मुलगी दिवसभर पाणी पीत नसे. चालता न येणाऱ्या पोरीला चाकाच्या खुर्चीतून उचलून संडासात बसवायला माणूस लागतं, आणि ते शाळेत नव्हतं. मग तिनं स्वतःच उपाय काढला, प्यायचंच नाही. ओठ फुटले, डोकं दुखलं, तरी नाही. शेवटी मूत्रपिंडाला सूज आली. डॉक्टरीणबाईंनी मला झाडलं, मी हेडमास्तरांना झाडलं, आणि शाळा मंडळाच्या कचेरीत पुष्कळ खेपा घातल्यावर मावशींची नेमणूक झाली. अशा पाच-सहा पोरांचं सगळं त्या एकट्या करतात. तोंडाचा पट्टा सतत चालू, पण पोरं त्यांच्यावर जीव टाकतात.

या वर्षी शाळा मंडळाच्या साहेबलोकांना साक्षात्कार झाला की निधी नाही, मावशींचं पद बंद करायचं.

हे मला मावशींनीच शाळेच्या फाटकात सांगितलं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तुमच्या लेकीला उचलून दंड चांगले झाले होते, आता कुठंतरी तालीम शोधावी लागेल.

मी लोकांची घरं रंगवते. उंच शिडीवर चढून छताला ब्रश मारायला घाबरत नाही, तर साहेबाच्या केबिनला काय घाबरायचं? गेले. शिक्षणाधिकारी फार गोड बोलले. म्हणाले, ताई, आमचे हात बांधलेले आहेत. बांधलेल्या हातांनी चहा मात्र व्यवस्थित ढवळत होते. विषय मंडळाच्या मासिक सभेत आहे, सभा सर्वांसाठी खुली असते, अवश्य या, असंही म्हणाले. कोणी येत नाही हे माहीत असलं की माणूस असा दिलदार होतो. कामाच्या दिवशी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या सभेला येणार कोण?

घरी नवऱ्यानं नेहमीसारखं माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. म्हणाला, अगं, तिथं अध्यक्ष विषयांचे आकडे म्हणतात, बाकीचे मंजूर म्हणतात, बिस्किटं खातात आणि उठतात. तू जाऊन काय दिवे लावणार?

आमची पोरगी तेरा वर्षांची आहे. घरात तिला वकीलीण म्हणतो, कारण तिच्याशी वाद घालून अजून कोणी जिंकलेलं नाही.

"सर्वांसाठी खुली आहे ना?" ती म्हणाली. "मग मीपण येणार."

सभेच्या दिवशी दोघी गेलो. मंडळाच्या कचेरीच्या तळमजल्यावर लिफ्टचं चकचकीत दार आहे. शेजारी उद्घाटनाची संगमरवरी पाटी. वकीलिणीनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शिपाई म्हणाला, बंद आहे. कधीपासून, तिनं विचारलं. मी नोकरीला लागल्यापासून, तो म्हणाला, आणि वर निरोप द्यायला गेला.

वरून हेडक्लार्क चार दांडगे गडी घेऊन उतरले. पोरीला खुर्चीसकट वर नेऊ म्हणाले. चौघांनी बाह्याही सरसावल्या.

"मला उचलायला मावशी आहेत," पोरगी म्हणाली. "त्यांनाच तुम्ही काढताय."

तिनं खुर्चीचा ब्रेक लावला आणि हेडक्लार्कना शांतपणे सांगितलं की सभा खुली आहे, मी आलेली आहे, मला इथून काही ऐकू येत नाही. माझ्याशिवाय घेतलीत तर ती खुली झाली नाही असं मी लिहून देणार.

तळमजल्यावर नेहमीची गर्दी होती. दाखल्यासाठी आलेले आईबाप, बाकड्यावर टेकलेले ड्रायव्हर, आणि पेन्शनच्या कामासाठी चपला झिजवणारे एक म्हातारे मास्तर. मास्तरांनी चष्मा पुसत मोठ्यानं सांगितलं की पोरगी बरोबर बोलतेय, खुल्या नसलेल्या सभेचा ठराव टिकायचा नाही. हेडक्लार्कचा चेहरा पडला. ते धावतच वर गेले.

पाव तासानं अख्खं मंडळ खाली उतरलं. सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष, कपाळाला आठ्या. खुर्च्या खाली आणून लिफ्टच्या दारासमोरच मांडल्या, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. कुठं बसतोय याचा विचार एकाही शहाण्यानं केला नाही. सवयच नाही विचार करायची.

अध्यक्षांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, विषय एक ते अठरा, वाचले असं समजून...

"मी वाचलेले नाहीत," वकीलीण म्हणाली.

मीही नाही, मास्तर म्हणाले. ड्रायव्हरांतला एक म्हणाला, आम्हाला तर वाचताच येत नाही, तेव्हा मोठ्यानं वाचा. लोक हसले. अध्यक्षांनी दात आवळून हेडक्लार्कना वाचायला सांगितलं.

हेडक्लार्क पाढे म्हटल्यासारखे वाचू लागले. स्वतः काय वाचतोय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पडदे. गालिचा. अध्यक्षांच्या अभ्यासदौऱ्याची वाढीव रक्कम. मग त्याच सुरात, "विषय अकरा. कचेरीच्या लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा खर्च, मागील वर्षाप्रमाणे. विषय बारा..."

बारावा विषय त्यांच्या घशातच अडकला, कारण समोरच्या सगळ्या माना दाराकडे वळल्या होत्या.

मी म्हटलं, दार उघडा. शिक्षणाधिकारी म्हणाले, किल्ली बहुतेक ठेकेदाराकडे आहे. त्यावर शिपायानं फटीत बोटं घालून दार सरकवलं. आत लिफ्ट नव्हती. दोर नव्हता, यंत्र नव्हतं. झाडू होते, फुटका पृथ्वीगोल होता, जुन्या कापडी फलकांच्या गुंडाळ्या होत्या आणि एक जेवणाचा डबा.

"डबा माझा आहे," शिपाई म्हणाला. "बाकीचं साहेबांना विचारा."

अध्यक्ष म्हणाले ही तांत्रिक बाब आहे, चौकशी करू, सभा तहकूब. उठलेसुद्धा. मी वाटेत उभी राहिले. माझ्या कपड्यांवर ओला रंग असतो, चांगल्या कपड्यातली माणसं मला खेटून जात नाहीत.

"नसलेल्या लिफ्टला सांभाळायला दरवर्षी पैसे आहेत," मी म्हटलं. "असलेल्या पोरांना सांभाळायला नाहीत. हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी थांबते."

मंडळावर औषधाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत. इतका वेळ खाली मान घालून होत्या. त्या म्हणाल्या, अध्यक्षसाहेब, बसा. आजवर आपण नुसतं मंजूर म्हणत आलो, मीही म्हणत आले. आज हात वर करून होऊ दे. कोणाचा हात वर आहे ते या लोकांना दिसू दे.

आता एवढ्या डोळ्यांसमोर उठून जाणं अध्यक्षांनाही जमेना. बसले. अकराव्या विषयाला एकही हात वर गेला नाही. अध्यक्षांचाही नाही, तो खिशात रुमाल शोधत होता. मावशींचं पद बंद करायच्या विषयाला दोन हात गेले, त्यातला एक आजूबाजूला बघून हळूच खाली आला. पद राहिलं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत, असं औषधवाल्या बाईंनी तिथंच लिहून घ्यायला लावलं.

त्यापुढचंही सांगते, उगाच गोड शेवट नको. चौकशीला समिती नेमली आणि समितीचे प्रमुख म्हणून शिक्षणाधिकारीच बसले. म्हणजे ज्याच्या नाकाखालून पैसे गेले तोच वास घेत फिरणार. दौऱ्याचा आणि गालिच्याचा निकाल पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा नेहमीप्रमाणे वर होईल, असं अध्यक्षांनी जाता जाता जाहीरही करून टाकलं.

"तारीख?" पोरीनं विचारलं.

हेडक्लार्कनी सवयीनं सांगून टाकली आणि मग जीभ चावली.

त्या दिवसाचं काम मी घेतलेलं नाही. घरमालकाला सांगितलंय, तुमची भिंत एक दिवस थांबेल. नवरा विचारत होता, तू एकटी किती पुरी पडणार? मी म्हटलं, एकटी कशाला, तुम्हीपण रजा टाका. मास्तर येतायत, ड्रायव्हर येतायत, बाकीच्या पोरांच्या आयाही येतायत, आणि आम्ही सगळे खालीच बसणार आहोत.